हाकेला ओ न देणारे जहाज नौदल कसे थांबवते?

तुम्ही विचारलंय की जहाज उत्तरच देत नसेल तर नौदल इतका वेळ का काढतं, सरळ गोळी का झाडत नाही. मी बरीच वर्षं व्यापारी जहाजांवर वॉच (पहाऱ्याची पाळी) केली आहे, म्हणून आधी तिथली बाजू सांगतो.

पहिली हाक व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनेलवर येते. रात्री ब्रिजवर (जहाज चालवायच्या खोलीत) जेमतेम दोघं, १६ वर सतत गलका, मग कुणीतरी आवाज बारीक करून ठेवतो. ‘अमुक अक्षांशावरचं जहाज’ म्हणजे आपणच, हे लक्षात यायलाही वेळ जातो. म्हणून गप्प जहाज लबाडच असेल असं नौदल धरत नाही. जागा, दिशा, वेग सांगून पुन्हा पुन्हा पुकारतात. दिव्याच्या उघडझापीने मोर्स लिपीतला ‘एल’ देतात, काळ्या-पिवळ्या चौकटींचा ‘एल’ बावटा चढवतात: ताबडतोब थांबा. आणि भरलेला मोठा टँकर इंजिन उलटं फिरवूनही मैल-दोन मैल पुढे जातोच, तेवढी सवड द्यावीच लागते.

शिवाय खुल्या समुद्रात जहाजावर अधिकार ते ज्या देशाचा बावटा लावतं त्या देशाचा. चाचेगिरी, गुलामांची वाहतूक, कुठल्याच देशाचं नसणं, असा रास्त संशय असेल तरच परक्या युद्धनौकेला चढून तपासणी करता येते.

नाळेपुढून (जहाजाच्या पुढच्या टोकासमोरून) झाडलेली गोळीसुद्धा इशाराच असतो. १९९९ मध्ये चाच्यांनी पळवलेलं ‘अलोंड्रा रेनबो’ हे जहाज ‘मेगा रामा’ असं नाव रंगवून अरबी समुद्रात आलं. तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने हाका मारल्या, इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या, तरी ते पळतच राहिलं. नौदलाची ‘प्रहार’ येऊन मारा करू लागली तेव्हा कुठे थांबलं. चाच्यांनी ते बुडवायचाही प्रयत्न केला होता. आपल्या लोकांनी ते वाचवून मुंबईला आणलं.

मार्च २०२४ मधलं, चाच्यांनीच पळवलेल्या ‘रुएन’ जहाजाचं उदाहरण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. त्या जहाजावरून चाच्यांनी आपल्या नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’वर गोळीबार केला होता. तरीही नौकेने नेमका मारा करून त्याचं सुकाणू आणि दिशादर्शक यंत्रणा तेवढी निकामी केली, कारण आत १७ खलाशी ओलीस होते. हवाई दलाच्या विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरवले. सगळ्याला सुमारे ४० तास लागले. ३५ चाचे शरण आले आणि सतराही खलाशी सुखरूप सुटले.