‘मी काय खुळा हाय?’

‘ताई, आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातले. सुगीच्या आधी यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचले. मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलंय. तीन महिने झाले, विषय काढला की चिडतात, “मी काय खुळा हाय? धारवाडला न्यायलीस काय मला?” सासरे म्हणतात, कागदावर आलं तर केस होईल. हे रात्र रात्र जागे असतात. काय करू?’

अहो, धारवाडला मनोरुग्णालय, म्हणून भांडणात ‘ह्याला धारवाडला न्या’ म्हणायची सवय आपल्याच तोंडाला. मग तेच नाव स्वतःवर आलं की माणूस बिथरणारच. (त्याच रुग्णालयात, म्हणजे डिमहान्समध्ये, साधी ओपीडीही आहे, दाखवून त्याच दिवशी माघारी येता येतं. पण हे आत्ता त्यांना पटवत बसू नका.)

आपण आजारी आहोत हे त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचंच कशाला? झोप लागत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. ‘झोपेचं दाखवूया, मला भीती वाटते, माझ्यासाठी एकदा चला,’ एवढंच म्हणा. नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालेल. मात्र लग्नाला म्हणून नेऊन दवाखान्यात उतरवायचं, असलं काही करू नका. पुन्हा विश्वास बसणार नाही.

सासऱ्यांना सांगा, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 आहे. असा प्रयत्न करणारा माणूस अतितणावात होता असं धरून चालतात, शिक्षा करत नाहीत. उलट उपचार देणं सरकारवर बंधनकारक आहे.

दोन गोष्टी मात्र आजच करा. फवारणीची औषधं घरातून, गोठ्यातून हलवा, दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. आणि ‘अजून तसं मनात येतं का?’ हे सरळ विचारा. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोंडलेलं बाहेर पडतं. ‘होय’ म्हणाले तर एकटं सोडू नका, लगेच सरकारी दवाखाना गाठा.

गोळ्या सुरू झाल्या तर पहिले दोन-चार आठवडे फरक दिसणार नाही. ‘उपयोग नाही’ म्हणून आठव्या दिवशी बंद करणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना तेवढं टिकवा.

डॉक्टरांपुढे कन्नडात मन कसं मोकळं करणार, ही अडचण असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. पहिला फोन तुम्हीच करा, स्वतःसाठी. ते रात्रभर जागे असतात हे तुम्हाला कळतं, म्हणजे तुम्हीही जाग्याच असता.