अमेरिकन फिजिकल सोसायटीचे नेमके काम काय?

ही संस्था सरकारी आहे का, आणि तिच्या मान्यतेशिवाय अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम करता येते का, असे आपण विचारले आहे. संस्था सरकारी नाही आणि तिच्या मान्यतेची गरजही नाही. वकिलाला सनद लागते, तशी भौतिकशास्त्रज्ञाला लागत नाही. 20 मे 1899 रोजी कोलंबिया विद्यापीठात जमलेल्या 36 भौतिकशास्त्रज्ञांनी या विषयाच्या ज्ञानाची वाढ आणि प्रसार व्हावा म्हणून ही संस्था काढली.

परिषदा, पुरस्कार ही कामे ती करतेच. पण माझ्या मते तिचे खरे वजन आहे ते नियतकालिकांमुळे. कॉर्नेल विद्यापीठात 1893 मध्ये सुरू झालेले 'फिजिकल रिव्ह्यू' 1913 मध्ये संस्थेकडे आले. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, अस्तित्वातच नाहीत, असे सांगणारा लेख आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी 1936 मध्ये तेथे पाठवला, तेव्हा संपादक जॉन टेट यांनी लेखकाच्या कीर्तीकडे न पाहता तो परीक्षकाकडे धाडला. परीक्षकाने शंका काढल्या. आइन्स्टाइन रागावले आणि त्यांनी लेख परत घेतला. (पुढे तो दुसरीकडे छापून आला खरा, पण निष्कर्ष बदलून!) त्याच लहरी प्रत्यक्ष टिपल्याची वार्ता फेब्रुवारी 2016 मध्ये संस्थेच्याच 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्या हजाराहून अधिक लेखकांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रातील संशोधकही होते.

हीच तपासणी संस्थेने एकदा सरकारी धोरणालाही लावली. लेझर आणि कणांच्या झोतांनी शत्रूची क्षेपणास्त्रे वाटेतच नष्ट करता येतील, या रेगन यांच्या काळातील कल्पनेचा अभ्यास करण्यासाठी तिने स्वतःहून एक गट नेमला. त्याचे एक सहअध्यक्ष होते नोबेल विजेते निकोलास ब्लुमबर्गन आणि दुसरे, बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि कार्बन डायऑक्साइड लेझर शोधणारे कुमार पटेल, जे 1995 मध्ये संस्थेचे अध्यक्षही झाले. गोपनीय माहिती पाहण्याची मुभा असलेल्या या गटाने 1987 मध्ये सांगितले की, अशी शस्त्रे शक्य आहेत की नाहीत हे ठरवण्यापुरते ज्ञान मिळवायलाच किमान दहा वर्षांचे कसून संशोधन लागेल. हा अहवाल संस्थेने आपल्याच 'रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स'मध्ये सर्वांना वाचता येईल असा छापला.