‘इम्पॅक्ट’ म्हणजे प्रभाव की परिणाम?

प्रश्न असा: संशोधनाच्या मूल्यमापनात ‘इम्पॅक्ट’ला प्रभाव म्हणावं की परिणाम, आणि ‘सायटेशन’ला उद्धरण चालेल का?

उद्धरण नको. उद्धृत करणं म्हणजे दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेणं. सायटेशनमध्ये बहुतेकदा एकही शब्द उचललेला नसतो. आधीच्या कामाकडे फक्त बोट दाखवलेलं असतं, कधीकधी तर त्यातली चूक दाखवायला. म्हणून ‘संदर्भनिर्देश’, ओघात नुसतं ‘निर्देश’. (जाता जाता: ‘उध्दृत’ नव्हे, ‘उद्धृत’.)

इम्पॅक्टची गोम वेगळी आहे. इंग्रजीत त्या एका शब्दात दोन गोष्टी कोंबल्या आहेत. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ असतो नियतकालिकाचा, लेखाचा नाही. 2024चा आकडा काढताना 2022 आणि 2023च्या मजकुराला 2024मध्ये मिळालेले निर्देश वर घेतात आणि त्या दोन वर्षांतल्या शोधलेख व आढावालेखांच्या संख्येने भागतात. समजा लेख 200, निर्देश 600; आकडा 3. पण त्यातले 300 निर्देश दोनच आढावालेखांनी खेचले असतील, तर उरलेल्या 198 लेखांना सरासरी जेमतेम दीड. शिवाय संपादकीयांना नि पत्रांना मिळालेले निर्देश वर धरले जातात, ती स्वतः मात्र खाली मोजली जात नाहीत. म्हणजे ही धड सरासरीही नव्हे! याला ‘प्रभाव गुणांक’ म्हटलं की वाचणाऱ्याला त्यात गुणवत्ता ऐकू येते. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’च ठेवावं आणि पहिल्या उल्लेखात ‘दरलेखी निर्देश’ असा खुलासा द्यावा.

दुसरा इम्पॅक्ट विद्यापीठाबाहेरचा. ब्रिटनच्या 2021च्या ‘रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क’मध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या संशोधनाच्या तिथल्या मूल्यमापनात, त्याला 25 टक्के भार होता. संशोधनामुळे धोरणात, आरोग्यात, अर्थव्यवहारात काय बदललं, ते पुराव्यानिशी लिहून द्यायचं. इथे ‘परिणाम’च हवा. प्रभाव पडतो, तो मोघम असला तरी चालतं. परिणाम म्हटला की कोणावर, कधी, कशामुळे हे विचारता येतं.

‘गुणवत्तामापन’ही मला खटकतं. निर्देश मोजतात, दर्जा पारखतात. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या 2013च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याचं मुख्य म्हणणं हेच आहे: नेमणूक, बढती किंवा निधी ठरवताना नियतकालिकाचा आकडा लेखाच्या दर्जाच्या जागी वापरू नका.

‘एच-इंडेक्स’ला एच-निर्देशांक खुशाल म्हणा, फक्त निर्देशांची बेरीज समजू नका. एखाद्या संशोधकाच्या जितक्या लेखांना प्रत्येकी किमान तितकेच निर्देश मिळालेत, असा सर्वांत मोठा आकडा म्हणजे एच-निर्देशांक. पाच लेखांना 25, 12, 6, 5 आणि 4 निर्देश असतील, तर एकूण निर्देश 52, पण किमान चार निर्देश मिळालेले लेख पाच आणि किमान पाच मिळालेले मात्र चारच, म्हणून एच-निर्देशांक 4.