प्रश्न तुमचे, उत्तर आमचे : गावातली व्याख्यानमाला

या अंकासाठी तालुक्याच्या गावांत व्याख्यानमाला चालवणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली. नोकरी, शेती, दुकान सांभाळून पदरमोड करत हे काम करणारी ही मंडळी आहेत. त्यांतले पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या वाचनालयाची पाच दिवसांची व्याख्यानमाला असते. पत्रिकेवर वेळ साडेसहाची, पण वक्ता बोलायला उभा राहतो तो सव्वासातनंतरच. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांना वेळ उरत नाही आणि आभार सुरू होताच अर्धे सभागृह उठते. चर्चा व्हावी ही आमची मनापासून इच्छा आहे. काय बदलावे?
– कार्यवाह, सार्वजनिक वाचनालय, सोलापूर जिल्हा

एक दिवस घड्याळ लावून बसा आणि वेळ कुठे जातो ते लिहून काढा. लोक जमायची वाट पाहण्यात १५ मिनिटे, दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजनाला ७, स्वागतगीताला ५, मंचावरच्या सात जणांच्या सत्काराला १०, प्रास्ताविकाला १० आणि परिचयाला ८. ही बेरीज ५५ मिनिटांची होते. श्रोता घरून निघाला तो व्याख्यानासाठी. त्याच्या संध्याकाळचा पहिला तास आपण आपल्यासाठी वापरतो.

मंचावर खुर्च्या दोनच ठेवा, एक वक्त्याची आणि एक त्या दिवसाच्या अध्यक्षांची. बाकी कार्यकारिणीने श्रोत्यांत बसावे. दीपप्रज्वलन फक्त पहिल्या दिवशी. संस्थेचे कार्य सांगणारे प्रास्ताविकही पहिल्याच दिवशी, तेही पाच मिनिटांत. उरलेले दिवस ते पत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेले पुरते. देणगीदारांचा सत्कार शेवटच्या पुष्पाच्या, म्हणजे मालेतल्या शेवटच्या व्याख्यानाच्या दिवशी, प्रश्नोत्तरे झाल्यावर एकत्र करावा, आणि हे त्यांना पैसे स्वीकारतानाच सांगावे. नंतर सांगितले की मन दुखावते. वक्त्याचा परिचय २०० शब्दांत लिहून काढा आणि वाचून दाखवा, तो दोन मिनिटांत संपतो. पुरस्कारांची यादी परिचयात नको. या विषयावर यांनी काय काम केले आहे एवढेच श्रोत्याला हवे असते.

मग वेळापत्रक असे बसते : ६.३० ला स्वागत आणि परिचय, ६.३५ ला व्याख्यान, ७.२५ ला प्रश्नोत्तरे, ७.५० ला आभार, ७.५५ ला समाप्ती. पहिल्या एक-दोन दिवशी साडेसहाला सभागृहात तीस-चाळीसच माणसे असतील. तरीही सुरू करा. वेळेवर आलेल्यांना उशिरा येणाऱ्यांसाठी थांबवले की दुसऱ्या दिवशी तेही उशिरा येतात.

वक्त्याला निमंत्रणपत्रातच लिहा : बोलण्यासाठी ५० मिनिटे, त्यानंतर २५ मिनिटे प्रश्नोत्तरे. आदल्या दिवशी फोनवर पुन्हा सांगा. पहिल्या रांगेत एका सदस्याने १०, ५ आणि ० असे मोठे आकडे लिहिलेली तीन पुठ्ठ्याची कार्डे घेऊन बसावे. ती दाखवली जाणार हे वक्त्याला आधीच माहीत असेल तर कोणाचाही अपमान होत नाही.

अध्यक्षीय समारोप आमच्या मते बंदच करावा. प्रश्नांचा वेळ सर्वांत जास्त तोच खातो, आणि नुकत्याच ऐकलेल्या व्याख्यानाचा सारांश कोणालाच नको असतो. त्याऐवजी प्रश्नोत्तरे चालवणे हे अध्यक्षांचे काम ठरवा. ते काम भाषणापेक्षा अवघड आहे आणि त्यासाठी विषय थोडा वाचून यावे लागते.

आता प्रश्नांची पद्धत. नुसते ‘कोणाला काही विचारायचे आहे का’ म्हटले की आधी शांतता पसरते, आणि मग नेहमीचे तीन हात वर होतात. त्यावर दोन उपाय लागू पडतात. पहिला, चिठ्ठ्या : ए-फोर कागदाचे चार तुकडे करून प्रवेशद्वारावर प्रत्येकाला एक द्या, पेन्सिली ठेवा. व्याख्यानाची शेवटची दहा मिनिटे उरली की स्वयंसेवकांनी कडेकडेने फिरून त्या गोळा कराव्यात. दोन सदस्यांनी बाजूला बसून एकसारखे प्रश्न एकत्र करावेत, व्यक्तिगत टीका वगळावी आणि सहा-सात प्रश्न अध्यक्षांच्या हाती द्यावेत. टोचणारा प्रश्न मात्र वगळू नका. तो सभ्य भाषेत असेल तर वर घ्या. चिठ्ठीमुळे मुली, सुना, कधीच न बोलणारे शेतकरी, सगळ्यांचे प्रश्न येतात. गावात सासऱ्यांसमोर, मुख्याध्यापकांसमोर उभे राहून विचारणे सोपे नसते, हे कार्यकारिणीने विसरू नये.

दुसरा उपाय, व्याख्यान संपताच अध्यक्षांनी सांगावे : दोन मिनिटे शेजारच्याशी बोला, काय पटले, काय पटले नाही. सभागृहात कुजबुज सुरू होते, आणि जो प्रश्न एकट्याच्या मनात अर्धवट होता तो बोलताना पूर्ण होतो. तेवढ्यात चिठ्ठ्याही लावून होतात.

फिरता माइक द्यायचा असेल तर तो स्वयंसेवकाच्या हातातच राहावा. विचारणाऱ्याच्या तोंडासमोर धरावा, हातात देऊ नये. एकदा हातात गेला की परत येत नाही आणि प्रश्नाचे भाषण होते. अशा वेळी अध्यक्षांनी ‘आपला मुद्दा पोहोचला, आता प्रश्न एका वाक्यात’ एवढेच म्हणावे. पहिल्याच माणसाला हे लागू केले तर पुढचे आपोआप आवरतात. गावातल्या वजनदार माणसासाठी ते सोडून दिले, तर नंतर कोणालाच लागू करता येत नाही.

प्रश्न : आमचे सभागृह पत्र्याच्या छताचे आहे. मागच्यांना शब्द कळत नाहीत, आवाज वाढवला की शिट्टी वाजते. नवी यंत्रणा घ्यावी का?
– सभासद, नगर वाचन मंदिर, जळगाव जिल्हा

आधी जागा बदलून पाहा, पैसे नंतर. शिट्टी वाजते कारण स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून, बसलेल्यांच्या डोक्याच्या वर असावेत. वक्त्याच्या मागे भिंतीला लावलेले स्पीकर हे बहुतेक सभागृहांतले दुखणे आहे. माइक तोंडापासून चार ते सहा बोटांवर असावा. वक्ता लांबून बोलतो म्हणून आवाज वाढवावा लागतो, आणि वाढवला की शिट्टी. कॉलर माइक दिसायला सुटसुटीत, पण तो तोंडापासून दूर असल्यामुळे अशा सभागृहात जास्त त्रास देतो.

मागे स्पीकरची आणखी एक जोडी लावली असेल तर वेगळी अडचण येते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १७ मीटर मागे बसलेल्याला मंचाजवळचा आवाज पन्नास सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. मागच्या स्पीकरचा आवाज मात्र तत्काळ येतो. दोन्ही एकमेकांवर चढून शब्द गढूळ होतात. ध्वनिव्यवस्थेवाल्याकडे डिले, म्हणजे मागच्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडायची सोय असेल तर तो लावायला सांगा, नसेल तर मागची जोडी अगदी हळू ठेवा. पत्र्याचा घुमारा कमी करण्यासाठी मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर जाड पडदे किंवा सतरंज्या टांगा. रिकाम्या सभागृहात आवाज जास्त घुमतो. पाच वाजता चाचणी घेताना तो थोडा घुमला तर घाबरू नका, लोक बसल्यावर कमी होतो.

कॉर्डलेस माइकचे सेल रोज नवे घाला. काढलेले भिंतीवरच्या घड्याळात चालतात. वीज जाण्याची भीती असेल तर १५० एएचची एक बॅटरी असलेला इन्व्हर्टर अॅम्प्लिफायर, दोन माइक आणि चार ट्यूब मिळून ४००-५०० वॉटचा भार दोन तास आरामात ओढतो, पण पंखे त्याच्यावर टाकू नका.

मैदानात कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपकाची पोलीस ठाण्याची लेखी परवानगी आधी घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर केले जाऊ शकते.

प्रश्न : एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ ५० हजार रुपये देऊ केले आहेत. ठेवीच्या व्याजातून दरवर्षी त्यांच्या नावाचे एक व्याख्यान व्हावे अशी अट आहे. गावातल्या पतसंस्थेत व्याज जास्त आहे. तिथे ठेवावे का?
– खजिनदार, न्यास म्हणून नोंदलेले ग्रंथालय, सातारा जिल्हा

आधी हिशेब मांडा. मानधन ५ हजार, प्रवास ३,५००, निवास-भोजन १,५००, ध्वनी आणि छपाई २,५००, असा साधा कार्यक्रमही साडेबारा हजारांवर जातो. साडेसहा टक्क्यांनी ५० हजारांचे व्याज येते ३,२५०. साडेबारा हजारांसाठी जवळपास १ लाख ९२ हजारांची ठेव लागेल, आणि तीही खर्च आजच्याइतकाच राहिला तर. म्हणून कुटुंबाला आकडे दाखवून स्पष्ट बोला : एक तर रक्कम वाढवावी, किंवा पुष्प त्यांच्या नावाचे राहील आणि खर्चाचा एक भाग व्याजातून, बाकी संस्थेच्या निधीतून येईल. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द करारात टाकू नका. दहा वर्षांची मुदत लिहा, पुढे फेरविचार.

पतसंस्थेत मात्र ठेवू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३५ नुसार न्यासाचा पैसा अनुसूचित बँक (रिझर्व्ह बँकेच्या यादीतली), टपाल खाते, शासनमान्य सहकारी बँक अशा ठरावीक ठिकाणीच ठेवता येतो. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी विश्वस्तांनी जबाबदारी अंगावर घेऊ नये. देणगीदाराकडून ‘ही रक्कम कायम निधीसाठी आहे’ असे लेखी घ्या, नाहीतर ती त्या वर्षाचे उत्पन्न समजली जाते. रक्कम धनादेशाने घ्या. दोन हजारांवरच्या रोख देणगीवर त्यांना आयकरात सवलत मिळत नाही.

प्रश्न : वक्ता आयत्या वेळी आला नाही तर?
– कार्यकारिणी सदस्य, यवतमाळ जिल्हा

पाच पुष्पांमागे एक राखीव वक्ता ठरवून ठेवा, तासाभराच्या अंतरावरचा. त्याला हे आधी सांगा आणि न बोलावले तरी पुढच्या वर्षी निमंत्रण द्या. बाहेरगावच्या वक्त्याला दुपारी तीनपर्यंत गावात आणा, संध्याकाळच्या एसटीच्या भरवशावर राहू नका. परतीची सोयही तुम्हीच पाहा.

प्रश्न : पंधरा वर्षे तीच माणसे कार्यकारिणीत आहेत. तरुण येत नाहीत. आणि व्याख्यानमाला पुण्यासारखी वसंतात घ्यावी असे काहींचे म्हणणे आहे.
– उपाध्यक्ष, धाराशिव जिल्हा

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला एप्रिल-मे महिन्यांत होते. ते शहराचे वेळापत्रक. तुमच्याकडे त्या दिवसांत ऊन, लग्ने आणि पाण्याची ओढाताण असते. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंतचे आठवडे पाहा. फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे नको. गावची यात्रा, जवळच्या गावांचे बाजारदिवस आणि लग्नतिथी कॅलेंडरवर मांडून मगच तारखा ठरवा.

तरुणांना सतरंज्या उचलायला बोलावले तर ते एकदा येतात. एक पूर्ण पुष्प त्यांच्याकडे द्या : विषय त्यांचा, वक्ता त्यांनी शोधलेला, पत्रव्यवहार त्यांचा, अध्यक्षपदही त्यांच्यापैकी एकाकडे. खर्चाची मर्यादा कार्यकारिणीने आखून द्यावी आणि विषयात हात घालू नये. पीकविमा, स्पर्धा परीक्षा, मोबाइलवरची फसवणूक असे विषय आले तर नाक मुरडू नका. दोन वर्षे हे नीट झाले की त्यांच्यातल्या दोघांना कार्यकारिणीत घ्या, आणि जुन्यांपैकी दोघांनी सल्लागार व्हावे. निवड झाल्यापासून ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे कार्यकारिणीतल्या बदलाची नोंद करण्याचा अर्ज, दाखल करा. तो राहिला की बँकेत सह्या बदलण्यास अडथळा येतो आणि नवा खजिनदार वर्षभर धनादेशांसाठी जुन्याच्या दारात उभा राहतो.