६५ हजारांचा एडका आणि ४८ हजारांचा हप्ता

माण तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३८, दख्खनी मेंढ्या २८, कळप घरच्या घरीच चरतो. घरातच वाढलेला एडका, म्हणजे पैदाशीचा मेंढा, आता पाच वर्षांचा झालाय, दमलाय, त्याच्या जागी नवा घ्यायचाय. जतकडच्या एका पैदासकाराकडे माडग्याळ जातीचा एडका पाहून ठेवलाय, तो ६५ हजार सांगतो. लोणंदच्या बाजारात साधा चारदाती, म्हणजे साधारण दोन वर्षांचा, एडका २२ हजारांना मिळतोय. हाताशी १५ हजार आहेत, उरलेले ५० हजार गावात महिना शेकडा दोन रुपये व्याजानं मिळतील. पैदासकार म्हणतो, कोकरू सहा किलोनं जास्त भरतं, वर्षात पैसे फिटतात. 'स्वस्तातला घेऊन पस्तावण्यापेक्षा एकदाच चांगला घ्यावा का?' असा प्रश्न आहे.

आणि पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या वर, एक ओळ: 'मुलीच्या लग्नासाठी मेहुण्याकडून विमा घेतलाय, वर्षाला ४८ हजार हप्ता, त्यासाठी जूनमध्ये नऊ मादी कोकरं काढावी लागतात, ती हिशेबात धरली नाहीत.'

हिशेब तिथूनच सुरू होतो. पण विचारलंय एडक्याचं, म्हणून ते आधी उरकतो.

सहा किलो हे माडग्याळ मेंढीच्या, गव्हाणीत खुराक खाणाऱ्या कोकराचं वाढीव वजन आहे. तुमच्या कोकरात निम्मं रक्त तुमच्या मेंढीचं. म्हणजे सहाचे झाले तीन. त्या मेंढीला माणच्या माळावर कुसळं चरून दूध किती येणार? मी दोन धरतो. तुमचं चौदा किलोचं कोकरू साडेपाच हजारांना जातं, म्हणजे किलोला ४०० रुपये. दोन किलोचे ८००. वर्षाला २१ कोकरं विकता, तर १७ हजार. दोन वर्षांचे ३४. दोनच वर्षं मोजतोय, कारण त्यानंतर त्याच्याच लेकी त्याच्याखाली येतात आणि एडका बदलावाच लागतो.

आता दुसरी बाजू. ६५ चा एडका दोन वर्षांनी फार तर ३० ला जाईल, घट ३५ हजार. शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के. हळूहळू फेडलं तरी दोन वर्षांत व्याज १२ हजारांच्या आसपास. झाले ४७. २२ चा एडका १५ ला गेला तर घट सात हजार, आणि त्याला कर्ज लागतच नाही. जुन्या एडक्याचे दहा-बारा हजार येतील, ते तुम्ही धरलेलेच दिसत नाहीत. म्हणजे ४० हजार जास्त घालून ३४ हजार मिळवायचे, तेही सगळं सुरळीत झालं तर. पहिल्याच पावसाळ्यात आंत्रविषारानं, म्हणजे आतड्यातल्या विषबाधेनं, एडका गेला तर व्याज भरत बसा. शिवाय व्यापारी तुमच्या वाड्यात काटा घेऊन येत नाही. पाठीच्या कण्यावर बोटं दाबतो, शेपटीपाशी चिमूट घेतो आणि नगावर भाव सांगतो. दोन किलोचे पूर्ण ८०० तो देईल हीसुद्धा आशाच.

माडग्याळच्या किमतीत मांसाचे पैसे थोडे, नाकाचे जास्त. ते पोपटासारखं बाकदार नाक, लांब कान आणि उंची यांचे पैसे एक पैदासकार दुसऱ्या पैदासकाराला देतो. तुमचं गिऱ्हाईक खाटिक आहे. २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची बोली लागल्याच्या आणि मालकानं दीड कोटी सांगून तो न विकल्याच्या बातम्या झळकल्या होत्या. तेव्हापासून मला अशी पत्रं येतात. न झालेल्या सौद्याला भाव म्हणत नाहीत.

एक गोष्ट मात्र खरी. एडका तातडीनं बदला. घरचाच एडका इतकी वर्षं फिरतोय म्हणजे तो आज आपल्या लेकींवर, कदाचित नातींवर लागतोय. अशानं कोकरं बारकी निपजतात, मरतूक वाढते. बाहेरचा कोणताही निरोगी एडका आला की पहिल्याच वेताला फरक दिसेल. हा फायदा रक्त बदलण्याचा आहे आणि तो २२ हजारांतही मिळतो.

घेताना तोंड उघडून दात बघा, दोनदाती किंवा चारदाती हवा. दोन्ही वृषणं सारखी, घट्ट, गाठ नसलेली हवीत. चालवून खूर बघा. मिळाला तर जुळ्यातला घ्या. आणल्यावर तीन आठवडे वेगळा बांधा, लसी टोचा, जंताचं औषध पाजा, मगच कळपात सोडा. २८ मेंढ्यांना एक एडका पुरतो. तुम्ही भटक्या जमाती-क मध्ये मोडत असाल तर राज्य सरकारच्या महामेष योजनेत ७५ टक्के अनुदानावर नर मेंढा मिळण्याची सोय आहे; अर्ज जरूर करा, पण तो मिळेलच असं धरून यंदाचा हंगाम दवडू नका.

झालं एडक्याचं. आता हप्त्याकडे या.

पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की चार वर्षांपूर्वी मेंढ्या ३७ होत्या. आज २८. याचं कारण तुम्ही चाऱ्यावर आणि पावसावर ढकललंय. मला ते विम्याच्या पावतीवर दिसतं. वर्षाला बारा मादी कोकरं होतात, त्यातली नऊ जूनमध्ये व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढतात, तीन उरतात. ३५-४० मेंढ्यांच्या कळपात म्हाताऱ्या, भाकड आणि मेलेल्या मिळून वर्षाला पाच-सहा तरी कमी होतात. तीन आत, पाच-सहा बाहेर. चार वर्षांत नऊ मेंढ्या कमी होणारच. पाऊस कितीही चांगला झाला तरी हा कळप आणखी दहा-बारा वर्षांत संपतो, आणि हप्ते त्यापुढेही चालू राहतात.

म्हणून ६५ की २२ हा प्रश्नच मला पोकळ वाटतो. भारी एडक्याचे पैसे वसूल होतात ते त्याच्या ठेवलेल्या लेकींतून. नर कोकरू एकदा विकलं की विषय संपला. लेक पाच-सहा वेतं देते आणि बापाचा गुण पुढे नेते. तुमच्या शेजारच्याच फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेनं 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. सुंदरबनातल्या छोट्या गारोल मेंढीतलं जुळी देणारं जनुक तिच्यात आणलंय. असा एडका तुम्ही उद्या आणलात तर तुमच्या आजच्या मेंढ्यांना जुळी होतील का? नाही. जुळी होतात त्याच्या लेकींना. त्या जूनमध्ये विकायच्या असतील तर जनुकाचे पैसे खाटकाच्या घरी जातील.

या लेकी विकून घेतलं काय, ते बघू. ४८ हजार दरसाल, २० वर्षं, विम्याची रक्कम नऊ लाख, शेवटी 'अठरा लाख, जवळजवळ दुप्पट' असं मेहुण्यानं सांगितलं. तुम्ही भरणार ९ लाख ६० हजार. वीस वर्षांत दुप्पट ऐकायला गोड लागतं. पण याचा परतावा वर्षाला सहा टक्क्यांनाही पोचत नाही, आणि त्यातला बोनस हा अंदाज आहे, वचन नाही. मुलगी सहा वर्षांची आहे ना? पोस्टात सुकन्या समृद्धीला सध्या ८.२ टक्के मिळतात. दर सरकार तिमाहीला ठरवतं, पुढे बदलू शकतो. पण याच दरानं ४८ हजार १५ वर्षं भरले तर खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी २२-२३ लाख होतात. भरायचे ७ लाख २० हजार. पोस्टातला माणूस हे सांगायला घरी येत नाही, कारण त्याला तुमच्या पहिल्या हप्त्यातून काही मिळत नाही. अशा पॉलिसीत पहिल्या हप्त्याचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त एजंटाच्या खिशात जाऊ शकतो. मेहुणा वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. त्यालाही बहुतेक एवढंच शिकवलेलं असतं.

विकलेल्या कोकरांचं काय झालं असतं तेही मांडू. पाच मादी कोकरं विकली तर साडेसत्तावीस हजार. ठेवली, त्यातलं एक मेलं असं धरा. दोन वर्षांनी चार मेंढ्या, नगाला बारा हजार धरून ४८ हजार, आणि प्रत्येकीमागे एक कोकरू, २२ हजार. मिळून ७०. औषधपाणी आणि एक वाईट पावसाळा म्हणून वाढीतला निम्मा भाग खोडून टाकतो. तरी ४८ उरतात. इकडे तुम्ही हेच विकून सहा टक्क्यांहून कमी मिळणाऱ्या ठिकाणी पैसे टाकताय, आणि तिकडे २४ टक्क्यांनी कर्ज काढताय. एकाच घरात, एकाच महिन्यात.

मग काय करायचं? क्रम चुकवू नका.

आधी खरा विमा. तुमच्या जिवावर घर आहे, तेव्हा आहे ते कवच एकदम काढून टाकायचं नाही. साधा मुदतीचा विमा हवा, ज्यात शेवटी काही परत मिळत नाही आणि म्हणूनच तो स्वस्त पडतो. पगाराची पावती नसलेल्याला मोठ्या रकमेचा टर्म विमा सहज देत नाहीत. पण 'सरल जीवन बीमा' नावाची साधी योजना आहे, पाच ते पंचवीस लाखांची, व्यवसायाची किंवा शिक्षणाची आडकाठी नसलेली. तिथे अर्ज करा. तंबाखू खात असाल तर तसं लिहा, लपवू नका. बँक खात्यातून ४३६ रुपयांची जीवन ज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना चालू करा, प्रत्येकी दोन लाख. अपघाती मृत्यूला दोन्ही मिळतात. सरल जीवनमध्ये अपघात सोडून पहिले ४५ दिवस कवच नसतं, ते संपेपर्यंत जुनी पॉलिसी हलवायची नाही.

मग ती पॉलिसी. चार हप्ते, एक लाख ९२ हजार भरलेत. आज सोडली तर साधारण निम्मे, ९५ हजार ते लाखभर हातात यावेत. नेमका आकडा शाखेतून लेखी घ्या. 'निम्मे बुडाले' म्हणून जीव कळवळेल. ते चार वर्षांपूर्वीच गेले, पाचवा हप्ता भरून परत येणार नाहीत. हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवायची, ज्याला पेड-अप म्हणतात, हाही मार्ग आहे: सोळा वर्षांनी एक लाख ८० हजार आणि आजवरचा बोनस मिळेल. ज्याच्यावर कर्ज नाही आणि गाठीला पैसा आहे त्यानं ते खुशाल करावं. तुमच्या गाठीला १५ हजार आहेत. सोडा.

आलेल्या पैशातून ६५ चा एडका आणू नका, हे वेगळं सांगायला नको. ५० हजार बँकेत चाऱ्यासाठी बाजूला ठेवा. माणमध्ये दुष्काळ पडला की सगळे एकाच आठवड्यात मेंढ्या बाजारात आणतात आणि बाराची मेंढी सातला जाते; तेव्हा न विकणाराच तरतो. पेंड-औषधासाठी खेळतं भांडवल कमी पडलं तर बँकेत पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड काढा. दोन लाखांपर्यंत सात टक्के, वेळेवर फेडलं तर चारच पडतात. गावातल्या शेकडा दोनला हात लावू नका.

आणि मेंढ्यांचा विमा? पत्रात त्याचा शब्दही नाही. २०२१ च्या डिसेंबरात अवकाळी पाऊस आणि थंडीनं जुन्नर, संगमनेर, पारनेर भागात शेकडो मेंढ्या एका रात्रीत आखडून मेल्या. राष्ट्रीय पशुधन अभियानात विम्याच्या हप्त्यातला १५ टक्केच वाटा पशुपालकानं भरायचा असतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन तुमच्याकडे तो सध्या उघडा आहे का ते विचारा, आणि कानातला बिल्ला पडला तर लगेच कळवा. बिल्ला नाही तर भरपाई नाही.

येत्या जूनमध्ये नऊ नव्हे, चारच विका. २२ हजार येतील. त्यातून टर्मचा हप्ता आणि सुकन्येचे १२ हजार. वर्षाला एवढेच भरले तरी आजच्या दरानं २१ वर्षांनी साडेपाच लाखांच्या वर जातात. लग्न तेवढ्यात करा, किंवा तिला शिकू द्या. तो तुमचा प्रश्न. ठेवायच्या आठ आत्ताच निवडा: पहिलटकरणीची नको, भरपूर दूध असलेल्या मेंढीची घ्या, आणि पाठीवर रंगाचा पट्टा ओढा. व्यापारी वाड्यात आला की चांगली कोकरंच आधी उचलतो. कळप चाळिशीपर्यंत गेला की थांबा. त्यापुढे चराई पुरणार नाही आणि दुसरा माणूस लागेल.

मेहुणा घरी येईल, नाराज होईल, 'अजून दोन वर्षं थांब, जास्त मिळतील' म्हणेल. त्याला जेवायला वाढा. पॉलिसी सोडायचा अर्ज मात्र त्याच्या हाती देऊ नका. स्वतः शाखेत जाऊन द्या आणि शिक्का मारलेली पोच घेऊनच घरी या.