हातावर प्रकाश टाकून शुगरचं नुकसान कळतं का?
इंदूरच्या शिबिरात बाबांचा हात मशीनवर ठेवून ‘शुगरचं नुकसान’ मोजलं, ते खरं का, असं विचारलंय. खरं, पण अर्धंच. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की कातडीतल्या कोलॅजनला चिकटते आणि तयार झालेली काही संयुगं अतिनील प्रकाशात चमकतात. मशीन ती चमक मोजतं. एचबीएवनसी ही रक्ततपासणी साखरेचा 2-3 महिन्यांचा हिशेब देते, हे कित्येक वर्षांचा. काल सराफ्यातल्या खाऊगल्लीत खाल्लेली जिलेबी यात सापडणार नाही! मात्र सावळ्या कातडीवर किंवा हाताला क्रीम असेल तर आकडा चुकतो. माझ्या आईच्या बाबतीत 10 ग्रॅमच्या दाबाला वाकणारा साधा नायलॉनचा तंतू जास्त बोलला: पायाच्या अंगठ्याखाली टेकवला, वाकला, तिला पत्ताच नाही, म्हणजे पायाची संवेदना गेलेली. बाबांचे तळपाय असे तपासून घ्या, डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनही.