मॉनिटर वाजला आणि मला कळलंच नाही तर?

हृदयरुग्णांच्या कक्षात पहिली नोकरी लागलेल्या मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बहुतेकींचा प्रश्न हाच असतो. गेल्या पावसाळ्यात आलेली मुलगी (तपशील बदलले आहेत) जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून पुण्यातल्या एका रुग्णालयात आयसीसीयूत, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात, रुजू होणार होती. झोप उडाली होती. "मॅडम, ईसीजीचं पुस्तक दोनदा वाचलं. मिटलं की सगळं गेलं."

मी विचारलं, "मॉनिटरवर सरळ रेघ आली. काय करशील?"

"सीपीआर!"

"पण पेशंट उशीला टेकून चहा पितोय."

ती आधी गोंधळली, मग हसली. छातीवरचा इलेक्ट्रोड सुटला तरी सरळ रेघ येते. पेशंट दात घासत असला तर हाताच्या हालचालीने पडद्यावर चक्क व्हीटीसारख्या (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणाऱ्या धोकादायक, वेगवान ठोक्यांसारख्या) लाटा उमटतात. समुपदेशनात येण्याआधी मीही वॉर्डात काम केलंय, म्हणून ठामपणे सांगते: अलार्म वाजला की आधी माणसाकडे बघायचं. हाक, श्वास, नाडी. वायरी नंतर. तो प्रतिसाद देत नसेल, श्वास नीट नसेल आणि नाडी लागत नसेल, तर मदतीला ओरडायचं, सीपीआर, म्हणजे छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब सुरू करायचे आणि विजेचा शॉक देणारा डिफिब्रिलेटर मागवायचा. शॉक व्हीएफला (खालचे कप्पे नुसते थरथरतात, ठोका पडत नाही) आणि नाडी नसलेल्या व्हीटीला. खऱ्या सरळ रेघेला नाही.

पुस्तक मी बाजूला ठेवायला लावलं. सुरुवातीला पाचच गोष्टी ओळखता आल्या तरी चालेल: सायनस (नेहमीचा ताल), एएफ (वरचे कप्पे थरथरल्याने अनियमित ठोके), व्हीटी, व्हीएफ आणि सरळ रेघ. ब्लॉकचे (हृदयातले विद्युत संदेश अडण्याचे) प्रकार सीनियर सिस्टरच्या शेजारी उभं राहून जास्त लवकर कळतात. ठोके नियमित असतील तर ईसीजीच्या कागदावर दोन आर लाटांमधले (ठोक्यांच्या उंच टोकांमधले) मोठे चौकोन मोजून ३०० ला भागायचं. चार चौकोन म्हणजे ७५. हे तिला येतच होतं, फक्त भीतीखाली दबलं होतं.

खरी भीती दुसऱ्या भेटीत बाहेर आली. "रात्री दोनला डॉक्टरांना उठवलं आणि काहीच नसलं तर?"

मग मी झोपमोड झालेला डॉक्टर झाले. ती म्हणाली, "सर, ते पेशंट आहेत ना, त्यांना जरा बरं वाटत नाहीये..." मी फोन ठेवला. चार-पाच वेळा ठेवला. शेवटी ती एका दमात बोलली: "सर, आयसीसीयूतून बोलतेय. बेड चार, काल अँजिओप्लास्टी झालेले काका. दहा मिनिटांपासून ठोके दीडशेच्या घरात, अनियमित. बीपी ९०/६०, घाम आलाय, शुद्धीवर आहेत. ईसीजी काढतेय. तुम्ही लगेच या."

हे वाक्य वहीत लिहून ती घेऊन गेली. सोबत दोन कामं दिली: ड्यूटीवर गेल्या गेल्या इमर्जन्सी ट्रॉली उघडून बघायची, आणि कारण बघितल्याशिवाय अलार्म गप्प करायचा नाही. हे दुसरं वाटतं तितकं सोपं नाही. दिवसभर खोटे अलार्म वाजत राहिले की जुन्या सिस्टरांचेही कान बधिर होतात. झोप मात्र पुढेही आली नाही, छातीत धडधड राहिली, तर डॉक्टरांना दाखवायचं, हेही बजावलं.

रुजू झाल्यावर तिचा फोन आला, तोही तक्रारीच्या सुरात. एका काकांना घाम आला म्हणून तिने रात्री डॉक्टरांना बोलावलं होतं. ते आले, तपासलं, "लक्ष ठेवा" म्हणाले आणि गेले.

"पुढच्या वेळी बोलावशील?"

"बोलवावंच लागेल ना, मॅडम. काकांना परत घाम आला तर?"